दातांच्या दवाखान्यासाठी तळं

दातांच्या डॉक्टरांची मागणी साधी होती. "काका, एक शांत तळं द्या. पेशंट आधीच घाबरलेले असतात, त्यांना निसर्गाने आणखी घाबरवू नये."

चित्रकाराने अशी पन्नासेक तळी डोळे मिटून काढली असतील. पण हे तळं ज्या सोमवारी सुरू झालं, त्याच सोमवारी बायकोच्या गळ्यावरच्या गाठीचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट शुक्रवारी मिळणार होता.

मंगळवारी पाण्यावर लाटा आल्या.

"तळ्यात लाटा कशा हो?" बायकोने मटार सोलता सोलता विचारलं.

"वारा आहे."

"मग झाडं का हलत नाहीत?"

मुद्दा बिनतोड होता. बुधवारी त्याने झाडं वाकवली. एवढ्या वाऱ्यात आभाळ स्वच्छ ठेवणं बरं दिसेना, म्हणून ढग आणले. ढग आले म्हटल्यावर पाणी काळं पडणं ओघानेच आलं. काठावर एक होडी होती. ती त्याने दोरीने बांधली, मग आणखी एका दोरीने बांधली आणि शेवटी खरवडूनच टाकली. उगाच कुणाला बसायचा मोह नको.

बायको मात्र वेळेवर जेवत होती, वेळेवर झोपत होती, घोरतसुद्धा होती.

"तुला काहीच कसं वाटत नाही गं?" तो चिडून म्हणाला.

"दोघांनी येरझाऱ्या घालायला खोली लहान आहे. तुमच्या आटपल्या की मी घालीन."

गुरुवारी डॉक्टर डोकावले. बराच वेळ चित्राकडे बघत राहिले.

"काका, हे बघून माझीच दाढ ठणकायला लागली."

"उद्यापर्यंत निवळेल," चित्रकार म्हणाला. कुणाच्या भरवशावर, ते त्यालाच ठाऊक.

शुक्रवारी दुपारी तो चपला शोधत होता, तेवढ्यात बायको एकटीच रिपोर्ट आणायला निघाली. "तुम्ही आलात तर मला तिथे तुम्हालाच सांभाळत बसावं लागेल," एवढं दारातून सांगून गेली.

तो आभाळापाशी बसला. काळं केलं, पुसलं, पुन्हा काळं केलं.

दार वाजलं. बायको आत आली, पिशवी खुंटीला अडकवली, पाणी प्यायली आणि त्याच्या मागे स्टुलावर येऊन बसली. त्याने वळून पाहिलं नाही. विचारायचं होतं ते विचारायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"आभाळाला कोणता रंग देऊ?"

"डॉक्टरांना निळं हवंय ना? मग निळं द्या. गाठ साधी आहे."

चार दिवस वादळ काढताना त्याचा हात एकदाही चुकला नव्हता. काळं पुसून आभाळ कसंबसं निळं झालं. पाण्यात मात्र आता रेघ पार वाकडी गेली. त्याने घाईघाईने फडकं उचललं.

"राहू द्या," बायको म्हणाली. "मासा असेल."