मेजावरचं पांढरं कापड

ख्रिस्ती माणसाला कसलं आलंय सोवळं, असं कुणीही म्हणेल. पण इंदिरानगरच्या सगुणाबाईंचं सोवळं भल्याभल्यांना लाजवणारं होतं. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, मेजाचं पांढरं कापड त्या वेगळ्या बादलीत धुवायच्या, आणि ते वाळेपर्यंत शेजारणीला त्या दोरीवर साधा रुमाल टाकू द्यायच्या नाहीत. मेजाजवळ जायचं तर शुद्ध होऊनच, हे त्यांनी जन्मभर पाळलं. दुखणं एकच होतं, दिनेश. पोटचा एकुलता एक, आणि दारूपायी पार वाया गेलेला. त्याच्यासाठी प्रार्थना करकरून बाईंच्या गुडघ्यांना घट्टे पडले होते.

आणि देवाची करणी पाहा, दिनेश सुटला! ओझरला नोकरी लागली, तिथंच खोली घेतली, नाताळपासून थेंबाला शिवला नाही. बाईंचा मात्र विश्वास बसेना. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातली गत.

मार्चमधल्या भोजनाच्या रविवारी तो रांगेत आला. रांगेकडे बघायचं कामही बाईंचंच. तो जवळ येताच त्याच्या शर्टाचा आंबूस वास त्यांच्या नाकात शिरला आणि डोक्यात तिडीकच गेली. अहो, विचारायचं तरी! पण नाही. भरल्या मंडळीसमोर त्यांनी हात आडवा धरला.

"हे मेज पवित्र आहे. असा येऊ नकोस."

दिनेश आल्या पावली निघून गेला. बाईंनी डोळे पुसले, स्वतः प्याला घेतला, आणि आपण देवाचा मान राखला अशी मनाची समजूत घातली.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी त्यांना गाठलं. या मंडळीत भोजनाचा रस विकत आणत नाहीत. दर खेपेला एक घर द्राक्षं पिळून, गाळून, उकळून देतं. या वेळी ते काम दिनेशनं मागून घेतलं होतं, पाळकांनी सांगितलं. पहाटेपासून पाळकांच्या स्वयंपाकघरात बसून तो फुटकी, आंबलेली द्राक्षं निवडून टाकत होता. आईला आधी सांगू नका म्हणाला होता; तिनं प्याला घेतला की मीच सांगेन.

त्या रसाची गोडी अजून सगुणाबाईंच्या तोंडात होती. काळीज फाटलं बाईंचं.

फोन लावला, तो उचलेना. मग बस धरून त्यांनी ओझर गाठलं. खोलीचं दार उघडंच होतं. दिनेश भिंतीला टेकून बसला होता, आणि आता वास खरोखर दारूचाच होता. बाई रडत त्याच्यापुढे बसल्या, चुकले रे लेकरा म्हणाल्या, त्याचे हात धरायला गेल्या. त्यानं ते जपून मागे घेतले.

"नको आई," तो म्हणाला. "तुझे हात विटाळतील. मेजाचं कापड धुवायचंय ना तुला."