तांबड्या माशाचे पोस्टकार्ड

मी एक जुने पोस्टकार्ड आहे. मित्रांनो, पोस्टकार्ड म्हटले की प्रवास आलाच. पण मी आजवर एकाही टपालपेटीत पडलेले नाही. तरी माझे आयुष्य मजेत गेले.

माझा जन्म कानाझावा या जपानी शहरातल्या कुरामोची यांच्या छापखान्यात झाला. माझ्या अंगावरचा तांबडा मासा मिनेगिशी या चित्रकाराने युद्धानंतरच्या टंचाईत मासळीबाजाराच्या जाहिरातीसाठी काढला होता. रंग एकच मिळाला, पण मासा असा टवटवीत की पाहणाऱ्याला भूक लागावी. मिनेगिशी वारल्यावर तिथल्या संग्रहालयाने त्याची पोस्टकार्डे मागवली. मात्र त्यांच्या पत्नीने नमुन्यावर संमतीचा शिक्का मारल्याशिवाय एकही विकायचे नव्हते.

आमचे मालक कुरामोची यांचा हात हलका. ठसा कागदाला नुसता टेकावा, खळगा पडून पाठीमागे उठाव दिसला तर छपाई कच्ची, असे त्यांच्या गुरूंनी शिकवले होते. माझे थोरले भावंड त्यांनी तसेच गुळगुळीत छापून मिनेगिशीबाईंपुढे ठेवले.

बाईंची दृष्टी गेलेली. त्यांनी बोटे फिरवली.

"कुरामोची, म्हातारीची थट्टा करता होय? हा तर कोरा कागद."

"छापलाय हो. आम्ही खळगा पडू देत नाही."

"मग शिक्का कशावर मारू? तुमच्या शब्दावर?"

मालक घरी आले ते तोंड पाडून. सूप निवून गेले. त्यांची पत्नी तोमिए म्हणाली, "अहो, गुरुजी जाऊन तीस वर्षं झाली. ते काही तपासायला येत नाहीत."

"धंद्यातले लोक हसतील मला."

"हसू देत की. त्या बाईंना नवऱ्याचा मासा बघायचाय."

मालकांनी जाड कागद घेतला, दाब वाढवला आणि चक्क डोळे मिटून मला छापले. पाठीत कळ आली, पण मासा माझ्यात छान रुतला.

बाईंची बोटे खवल्यांवरून सावकाश गेली आणि शेपटीशी थांबली. "शेपटी जाडच ठेवलीय. चाळीसदा सांगितलं, पण ऐकतील तर शपथ," त्या म्हणाल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या भरात कोपऱ्यात मारायचा शिक्का थेट माशाच्या डोळ्यावर बसला.

परवानगी मिळाली. भावंडे गावोगाव गेली, शिक्क्याचा नमुना म्हणून मी तेवढे मागे राहिले. आता छापखान्यात कोणी आले की मालक आधी माझी पाठ दाखवतात, उठावासकट, आणि ऐटीत दाखवतात.

मित्रांनो, आम्हाला काचेमागे ठेवून नुसते पाहू नका. हात स्वच्छ पुसा, डोळे मिटा आणि बोट फिरवा. आम्हाला घडवणारी माणसे तिथेच भेटतात.