चेहऱ्यावरचे चौकोन

मंगळवारी सकाळी वृंदाच्या मानेवर चौकोन आले. ती ओट्याशी चहा गाळत होती आणि अंबाड्याखालचा तळव्याएवढा भाग करड्या, धूसर चौकोनांनी झाकला गेला होता. अच्युतनं हात लावून पाहिला. फरशीसारखा गार लागला.

"काय हो, झुरळ आहे का?" वृंदा दचकली. एरवी बावीस वर्षं जुना नवरा मानेला हात लावायला कशाला येईल?

"काही नाही."

चौकोन त्यानं लगेच ओळखले; त्याचं पोट त्यांच्यावरच चालत होतं. टोकियोतल्या एका स्टुडिओत तो प्रौढांसाठीच्या सिनेमांवर असे चौकोन बसवायचा. नवरा कामावर जातो, कंटाळलेली बायको घरात उरते, मग दारात कुणीतरी येतं, गोष्ट ठरलेली. बघणाऱ्याचा जीव जिथं अडकतो, नेमकं तेच तिथल्या कायद्यानं झाकायचं. दिवसभर हे करून अच्युतला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. घरी आल्यावर तो फक्त भाजी काय आहे ते विचारायचा. तेव्हा वृंदा नखशिखांत स्पष्ट दिसायची आणि गड्यानं कधी मान वर करून बघितलं नाही.

आता बघावंसं वाटायला लागलं, तर नजर ठरेल तिथं चौकोन. बुधवारी तिचं मनगट गेलं, मग ओठ, मग डोळे. रविवारी ती लसूण सोलायला बसली तेव्हा चेहऱ्यातलं कपाळ तेवढं उरलं होतं. अच्युतला फार एकटं वाटलं. एकच आशा होती. तिचाही जीव आपल्यात कुठंतरी अडकला असेल, तर तिलाही चौकोन दिसत असणार.

"वृंदा, माझ्यावर कुठं काही धूसर दिसतंय का? नीट बघ."

तिनं सुरी खाली ठेवली आणि त्याला खरंच नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नाही हो. सगळं लख्ख दिसतंय. कॉलरला हळद लागलीय."

त्यानं कॉलर चोळली.

"पण बरं झालं विचारलंत," ती म्हणाली. "समोरच्या बाल्कनीत ते गादी वाळत घालतात ना, त्यांचा चेहरा मला आठवडाभर दिसतच नाहीये. नुसते चौकोन. तुम्हाला दिसतो?"

अच्युतनं खिडकीतून पाहिलं. समोरचा माणूस गादी झटकत होता. गालावरच्या तिळासकट स्पष्ट दिसत होता.

"दिसतो."

"कसा आहे हो?" वृंदाचं कपाळही आता झाकलं गेलं होतं. ती हसत होती की काय, त्याला कळेना. "सांगा ना."

"नाक सरळ आहे," अच्युत म्हणाला.