खणामागची वही

मित्रांनो, मी शाळेतलं एक जुनं टेबल आहे आणि मी एक वही गिळली आहे. माझी गोष्ट खरं तर एवढीच. पण एवढीशी गोष्ट मला दीड महिना कुणाला सांगता आली नाही, आणि तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन गेलं. म्हणून आता पहिल्यापासून सांगतो. जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मला घडवलं ते आमच्या गावच्या सुतारकाकांच्या वडिलांनी. जड लाकूड, चार सरळ पाय, वर गुळगुळीत फळी आणि उजव्या हाताला एक मोठा खण. पहिली पंचवीस वर्षं माझा थाट काय विचारता. माझ्यावर निळं कापड असायचं, शाईची दौत असायची, आणि मुलं माझ्याजवळ यायची ती दबकतच. मग कापड फाटलं, दौत फुटली, आणि एका सुट्टीत वर्गाला रंग देताना मला फरफटत बाहेर नेलं तेव्हा खणाची मागची फळी निखळली. शिपाईमामांनी ती उचलून भिंतीला टेकवून ठेवली आणि हेडसरांना जाऊन सांगितलं. "खण उघडतो ना? लागतो ना? मग चालू दे की," हेडसर म्हणाले. मग तसंच चालू राहिलं, आणि फळी कुठे गेली ते कुणीच विचारलं नाही.

आता हे जरा लक्षात ठेवा. खण आणि माझी पाठ यांच्यामध्ये चार बोटांची पोकळी आहे. खण भरलेला असला आणि कुणी तो जोरात ढकलला, की मागच्या बाजूची वस्तू त्या पोकळीत घसरते आणि खालच्या आडव्या पट्टीवर अडकून बसते. माझ्या पोटात असं बरंच काही गेलं होतं. पेन्सिलींचे तुकडे, एक कंगवा, कुठल्याशा वर्गाचा फोटो. ज्याची वस्तू तो दोन दिवस शोधायचा, चिडचिड करायचा आणि विसरून जायचा. मला त्यात थोडी गंमतही वाटायची, खोटं कशाला बोलू.

बाई माझ्याकडे आल्या त्याला नऊ वर्षं झाली. चांगल्या होत्या हो. त्रेचाळीस मुलांच्या वह्या काखेत, तोंडात पेनाचं टोपण, हातात खडूचा डबा, अशा वर्गात शिरायच्या. हात कधी रिकामेच नसायचे, म्हणून खण गुडघ्याने ढकलून लावायच्या. दिवसातून दहादा तरी तो गुडघा मला बसायचा. वर्ष संपत आलं की त्यांचा जीव नुसता मेटाकुटीला यायचा. निकालपत्रकाची बेरीज आडवी जमली की उभी जमायची नाही. कुणाचे तरी वडील दारात उभे राहून म्हणायचे, "आमचा घरी सगळं घडाघडा म्हणतो हो, इथेच कसं अडतं?" पण एखादं मूल, जे वर्षभर फळ्याकडे बघून नुसतं घाबरायचं, ते अचानक उठून पानभर धडा न अडखळता वाचायचं. मग बाई माझ्यावर दोन्ही कोपरं टेकून गालातल्या गालात हसायच्या, आणि मला कळायचं की आज यांची झोप सुखाची होणार.

त्या वर्षी बाईंनी मुलांना एक काम दिलं होतं. रोज दिसणारी कुठलीही एक गोष्ट निवडायची आणि वर्षभर तिच्याबद्दल रोज दोन ओळी लिहायच्या. कुणी मांजर घेतलं, कुणी समोरचं झाड, एकाने तर आजोबांची काठी घेतली. वार्षिक परीक्षेच्या आधी वह्या द्यायच्या होत्या.

वर्गात एक मुलगी होती. तिचं अक्षर इतकं बारीक, की तिला सगळे मुंगी म्हणायचे, आणि शेवटी बाईही म्हणायला लागल्या. तिचे वडील रस्ता बांधायच्या कामावर होते. काम जिथे जाईल तिथे त्यांचं घर जायचं. मुंगी कमी बोलायची. गृहपाठाची वही दोन-तीनदा घरी विसरली होती, त्यावर बोलणीही खाल्ली होती. पण ही वर्षाची वही तिने एक दिवसही चुकवली नाही. मधल्या सुट्टीत सगळे बाहेर पळाले की ती बाकावर बसून लिहायची आणि मान वर करून माझ्या दिशेने बघायची. मी उगीच खूश व्हायचो, की पोरगी माझ्यावरच लिहितेय की काय.

वह्या द्यायच्या दिवशी तिने सगळ्यांबरोबर दिली नाही. लाजली. सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर वही छातीशी धरून आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. बाई बेरजेत बुडालेल्या होत्या. बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "ठेव खणात." मुंगीने वही सगळ्या वह्यांच्या वर, अगदी मागे, जपून ठेवली आणि पळाली. घंटा झाली. बाईंनी पत्रकं गोळा केली आणि खणाला गुडघा मारला.

वही माझ्या पोटात पडली.

आठवड्याने बाईंनी वह्या मोजल्या. बेचाळीस. "मुंगे, तुझी कुठाय?"

"बाई, मी दिली होती. खणात ठेवली होती."

मागून कुणीतरी हसलं. बाईंना ते आठवत नव्हतं, तरी त्यांनी खण उघडून पुन्हा बघितलं, कपाट बघितलं, घरची पिशवी बघून येते म्हणाल्या आणि खरंच बघून आल्या. नव्हतीच ती. मग त्यांनी मुंगीला सुट्टीत थांबवून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं.

"हे बघ," त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "वही लिहून झाली नसेल तर नसेल. मी काही करणार नाही. पण खोटं नको बोलूस. खरं बोलणाऱ्यावर मी कधी रागावलेय का?"

"दिली होती, बाई."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. बाई समजावत होत्या आणि मुंगी माझी कड घट्ट धरून उभी होती. तिची नखं माझ्या लाकडात रुतत होती. वही तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होती, मित्रांनो. मी आजवर किती कुरकुरलो, किती करकरलो, पण त्या तीन दिवसांत माझ्यातून साधा आवाज निघाला नाही.

चौथ्या दिवशी बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. "मला इतकं वाईट वाटतंय, मुंगे," त्या म्हणाल्या. मुंगीने त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाली, "नव्हती दिली."

बाईंचा चेहरा असा खुलला. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाबास गं बाई माझी. खरं बोललं की बघ, कसं हलकं वाटतं." सुट्टी संपल्यावर त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं की मुंगीने आज फार मोठं धाडस केलं, आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. खणातून गुलाबी खडूची अख्खी कांडी काढून तिला बक्षीस दिली. मुंगीने ती घेतली. टाळ्या चालू असताना ती खाली बघत होती. ती कांडी तिने कधी वापरलेली मला दिसली नाही.

त्या दिवसापासून मुंगी शहाणी झाली, असं बाई म्हणायच्या. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. समजलं का? हो बाई. लिहून आणलंस का? हो बाई. तुझीच चूक ना? हो बाई. मास्तरांच्या खोलीतही बाईंनी ही गोष्ट सांगितली म्हणे. हेडसर माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "वर्षाचं सार्थक झालं की तुमच्या." बाई लाजून हसल्या. वर्षभराच्या शिणातून त्यांना एवढा एकच आनंद हाती लागला होता. तो कसला होता, ते फक्त दोघांना माहीत होतं, एक मला आणि एक मुंगीला.

परीक्षा झाली. निकालाच्या आदल्या दिवशी मुंगीची आई दाखला न्यायला आली. हातांना भेगा, पायात धुळीच्या चपला. मुंगी तिच्या मागे उभी होती.

"रस्ता झाला पुरा. आम्ही उद्याच निघतो," आई म्हणाली. मग जरा घुटमळली. "बाई, हिची ती वही परत मिळंल का? मला कुठं वाचता येतं, पण रोज संध्याकाळी वाचून दाखवायची. सगळं तुमच्याबद्दलच लिहायची. आठवण म्हणून ठेवली असती."

बाई अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, तिने वही लिहिलीच नव्हती. तिनेच कबूल केलं माझ्यापाशी. पण तुम्ही रागावू नका हं तिला. आता ती खरं बोलते."

आई मुलीकडे वळली. "लिहिलीच नव्हती? मग मला वर्षभर काय वाचून दाखवत होतीस गं?"

मुंगी जमिनीकडे बघत राहिली. सांगणार तरी काय? एक सांगितलं तर बाईंचं मन मोडत होतं, दुसरं सांगितलं तर आईचं. आईने तिचा हात धरला होता तो सोडला, दाखला पदरात बांधला आणि चालू लागली. मुंगी तिच्या मागे चार पावलं अंतर ठेवून गेली.

दोन दिवसांनी नवी लोखंडी टेबलं आली. मला मोडीत काढायचं ठरलं. शिपाईमामा आणि सुतारकाका मला अंगणात घेऊन आले. खण बाहेर ओढला आणि मला पालथं केलं तसा सगळा ऐवज जमिनीवर पडला. पेन्सिली, कंगवा, फोटो. "या बाई," सुतारकाका हसत म्हणाले, "तुमचा चोर मुद्देमालासकट सापडला." बाई हसतच आल्या. वाकून त्यांनी एक वही उचलली, उघडली आणि ते बारीक अक्षर दिसलं.

त्या तिथेच पायरीवर बसल्या. वाचता वाचता त्यांचे ओठ हलत होते, म्हणून मलाही ऐकू आलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं, मी निवडलेली गोष्ट, आमच्या बाई.

"आज बाईंनी चार खडू संपवले. आज बाईंचा आवाज बसला होता तरी त्यांनी कविता म्हटली. आज बाई खिडकीशी उभ्या होत्या, त्यांना काहीतरी वाईट वाटलं असेल. बाई खण गुडघ्याने लावतात. तो नीट लागत नाही, मागे काहीतरी पडल्याचा आवाज येतो. बाईंना सांगायला पाहिजे, पण त्या कामात असतात."

एवढं वाचून बाई थांबल्या. शिपाईमामांनी पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी शेवटचं पान उघडलं. "उद्या वही द्यायची. बाई वाचतील तेव्हा मी बाकाखाली बघीन. बाई म्हणतात, खरं बोलणाऱ्यावर मी कधी रागावत नाही. म्हणून मी सगळं खरं लिहिलं आहे."

बाई उठल्या आणि वही घेऊन रस्त्याच्या कामाकडे जवळजवळ पळतच गेल्या. परत आल्या तेव्हा चपला धुळीने माखल्या होत्या. "गेले सगळे," त्या शिपाईमामांना म्हणाल्या. "नुसत्या चुलीच्या विटा राहिल्यात तिथे. कुठे गेले ते कुणाला सांगता येत नाही. मामा, मी त्या पोरीला खोटं बोलायला शिकवलं हो. वर टाळ्या वाजवून घेतल्या."

शिपाईमामा माझ्या खणाकडे बघत राहिले.

पालथ्या पडलेल्या माझ्या पोटावर वही ठेवून बाईंनी ती पहिल्या पानापासून तपासली. एकही पान सोडलं नाही. शेवटी वीसपैकी वीस दिले, खाली सही केली, आणि सहीवर डोकं टेकून रडल्या. मी मोडीत निघालो नाही. बाईंनी हेडसरांना निक्षून सांगितलं की मला हेच टेबल हवं. सुतारकाकांनी खणाला मागची फळी बसवली. दहा मिनिटांचं काम होतं. इतकी वर्षं ते दहा मिनिटांचंच होतं.

आता नवं वर्ष सुरू आहे. बाईंनी दोन गावच्या शाळांना पत्रं लिहिली. एकीकडून उत्तर आलं की अशी मुलगी इथे नाही. दुसरीकडून अजून काही आलेलं नाही. वर्गात एखादं मूल म्हणालं, "बाई, मी दिली होती," की बाई हातातलं काम टाकतात, खण पुरता बाहेर काढतात आणि कोपरापर्यंत हात घालून माझ्या पाठीपर्यंत चाचपतात. मागे फळी आहे हे त्यांना ठाऊक असतं, तरी चाचपतात.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या शाळेतलं टेबल कुरकुरलं, खण नीट लागेना, तर कुणाला तरी सांगा, आणि त्याने ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. आणि तुमच्या वर्गात या वर्षी एखादी नवी मुलगी आली असेल, अक्षर फार बारीक असेल आणि सगळ्याला नुसतं "हो बाई" म्हणत असेल, तर तिला माझा एक निरोप द्या. म्हणावं, मुंगे, वही सापडली. बाईंनी ती वाचली, सगळी वाचली. तू दिली होतीस. तुझ्या आईलाही सांग, तू दिली होतीस.