ओव्याचा शेक

“वास सुटला की उतरव, गिता. काळा झाला तर त्यात काय ऱ्हात न्हाई,” भिंतीला टेकून बसलेली सोजरबाई म्हणाली.

गिताबाईने तव्यावरचा ओवा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ओतला, गाठ मारली आणि पुरचुंडी म्हातारीच्या हाती दिली. गिताबाईची लेक मोनिका पहिल्या बाळंतपणासाठी वरवंडला आली होती. तिच्या मांडीवर बाळ चोंदल्या नाकाने कुरकुरत होते. सकाळीच दौंडच्या डॉक्टरांनी ते तपासले होते. साधी सर्दी आहे, थेंब घाला, धुरी मात्र देऊ नका, असे त्यांनी बजावले होते.

“धुरी नगं म्हणले न्हवं? मग शेक देऊ. शेकाला कुठं धूर असतोय?” असे म्हणून सोजरबाईने तो विषय आल्याआल्याच मिटवला होता.

सर्दी ओव्याने हटते की नुसत्या उबेने जिवाला बरे वाटते, हा वाद शास्त्राचा आहे आणि तो शास्त्राने खुशाल चालवावा. वरवंडच्या बायकांच्या लेखी औषध ओव्यात नव्हतेच. ते सोजरबाईच्या मनगटात होते. पुरचुंडी आधी तिच्या मनगटाच्या आतल्या अंगाला टेकायची आणि तिने मान हलवली तरच बाळाच्या छातीला लागायची. कमी वयात नवरा गेलेल्या, पोटी मूल नसलेल्या या बाईला गावातल्या कोणत्याही घरात विचारल्याविना चहा मिळे, तो या मनगटामुळे.

आज ती थकली होती. गल्लीतून येतानाच तिची चप्पल पायातून निसटून मागे राहिली होती, आणि ती आणून देणाऱ्याला “शुगरनं पाय परके झाले बघ,” असे ती हसत म्हणाली होती.

तिने पुरचुंडी मनगटाला लावली, मान हलवली आणि हात पुढे केला.

“थांबा आज्जी,” मोनिकाने बाळाच्या छातीवर आपला तळवा पालथा ठेवला. “आधी मला लावा.”

“अगं, तुझ्या आईला म्याच शेकलंय. तुलाबी.”

“म्हणून तर मी अशी काळी निघाली.”

“काळी तू बापावर गेलीस. माझ्यावर ढकलू नगंस.”

मोनिका हसली, हात मात्र तिने काढला नाही. पुरचुंडी त्या हातावर टेकली आणि तिचे हसू जागीच थांबले. तिने पुरचुंडी हळूच बाजूला केली. हातावर लाल वर्तुळ उमटले होते.

“लई गरम व्हतं?”

“बेताचं होतं. माझीच कातडी नाजूक, कंपनीत एसीत बसून बसून.”

सोजरबाईने आपले मनगट उलटे केले. तिथेही तसेच वर्तुळ होते, अधिक गडद. दुसऱ्या कुणाच्या हाताकडे पाहावे तशी ती त्याच्याकडे पाहत राहिली. पायांचे तिला ठाऊक होते. हातांविषयी तिने कधी शंका घेतली नव्हती.

“गिता, तू दे शेक.”

“मला कुठं जमतंय, आक्का?”

“मनगट हाय न्हवं तुला? लाव.”

गिताबाईने पुरचुंडी लावली, झटकन काढली, थोडी थांबली, पुन्हा लावली.

“झालं व्हय?” सोजरबाईने विचारले. हा प्रश्न आजवर तिला विचारला जात असे.

“व्हय.”

“मग टेकव. दाबू नगं. नुसती टेकव.”

हळूहळू बाळाची कुरकुर थांबली. शेकानंतर पुरचुंडीत जी ऊब उरते ती शेकणारीची, अशी रीत होती. सोजरबाई ती घरी नेऊन आपल्या गुडघ्यांना लावी. गिताबाईने रीतीप्रमाणे पुरचुंडी तिच्या हातात ठेवली.

“न्हाई, ही तुझी.”

“असू द्या, आक्का. उद्या येताय न्हवं?”

“येईन. बसायला येईन.”

पुरचुंडी मुठीत घट्ट धरून, पायांतल्या चपलांवर नजर ठेवत, ती गल्लीतून घरी आली. ओव्याचा वास अजून उग्र होता. दाराशी थांबून तिने मूठ उघडली आणि पुरचुंडी गालाला लावली.

ती केव्हाच गार झाली होती.