रिकाम्या परातीतले जंत

रविवारी सकाळी आठच्या आत कसबा पेठेतल्या त्या हॉलसमोर रांग लागलेली असे. टोपलीत मांजर, ओढणीत ससा, साखळीला धापा टाकणारा लॅब्रडॉर, आणि प्रत्येक जनावरामागे किमान दोन माणसं. सगळी उत्तरेश्वरबाबांच्या दर्शनाला आलेली. जनावरांना दर्शनाची मुळीच हौस नव्हती, हे त्यांच्या ओरडण्यावरून कळत होतं, पण त्यांचं मत विचारायची तिथे पद्धत नव्हती.

बाबांची ख्याती अशी, की ते मंत्राच्या बळावर जनावराच्या पोटातले जंत बाहेर काढतात. काढतात म्हणजे डोळ्यांना दाखवतात. आपण पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही अशी पुणेकराची स्वतःबद्दल समजूत असते, आणि बाबांनी ती बरोबर हेरली होती. "डॉक्टर काय करतो? वरून औषध ओततो," ते माइकवरून सांगत. "आपण आतली फ्रीक्वेन्सी बदलतो. जंताला तिथं करमेनासं होतं. तो आपणहून निघतो." फ्रीक्वेन्सी शब्द आला की पहिल्या ओळीतले दोन इंजिनिअर माना डोलवत. जंताला एरवी पोटात करमतं कसं, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

त्या रांगेत दिगंबरराव नेवासकर उभे होते. वय एकोणसत्तर, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक, राहणार वारजे. पस्तीस वर्षं त्यांनी मंडईतले आणि पेठांतले काटे तपासले होते. ते लांबून दिसले तरी भलेभले दुकानदार तागडीखालचं चुंबक काढून खिशात घालत. अशा माणसाचं या रांगेत काय काम, असा प्रश्न वाचकाला पडेल. तो त्यांनाही पडायला हवा होता, पण त्यांच्या हातात जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेलं कुत्र्याचं एक पिल्लू होतं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिल्लाची आई गाडीखाली गेली, दोन दिवसांत तिन्ही भावंडं गेली, आणि हे एकटं उरलं. तळहातावर मावेल एवढं, पोट तेवढं नगाऱ्यासारखं फुगलेलं, आणि अंगावर केसांपेक्षा पिसवा जास्त. शेर-पावशेराच्या जुन्या काळातल्या चिमुकल्या वजनावरून दिगंबररावांनी त्याचं नाव छटाक ठेवलं. त्यांच्या पत्नी शैलाताई जाऊन चौदा महिने झाले होते आणि मुलगा अनिरुद्ध कॅनडात होता. त्या चौदा महिन्यांत घरात दिगंबररावांच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता, आणि त्यांचाही हळूहळू बंद पडत चालला होता. छटाक आल्यावर ते पुन्हा बोलू लागले. पुणेरी वळणाप्रमाणे ते त्यालाही आदरार्थी बोलत. "आपण पुन्हा चटईवरच केलंत," असं म्हणत फडकं आणायला उठत. हे पिल्लू गेलं तर घरात पुन्हा ती शांतता येईल, एवढंच त्यांना कळत होतं, आणि ती सोसायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी बाबांचा पत्ता टाकला आणि ते निघाले.

हॉलच्या दाराशी एक फॉर्म भरून द्यायचा होता. जनावराचं नाव, वय, त्रास, त्याच्या आई-भावंडांची माहिती, आणि अगदी खाली, घरातलं अलीकडे कोणी गेलं आहे का, असल्यास नाव, नातं, तारीख. सरकारी नोकरीत जन्म गेलेला माणूस एकही रकाना मोकळा सोडत नाही. दिगंबररावांनी सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलं आणि खाली सहीसुद्धा केली.

मग चमत्कार झाला. मोठ्या पितळी परातीत पाणी, मधोमध उपड्या वाटीवर मातीची पणती, पणतीत लाल निखारा. शिष्य घंटा बडवू लागला. बाबांनी छटाकला निखाऱ्याच्या वर धरलं, मुठीतली 'दिव्य वनस्पती' तुपात कालवून निखाऱ्यावर टाकली. धूर झाला, पिल्लू खोकलं, आणि परातीतल्या पाण्यात पांढरे, वळलेले, तिळाएवढे जंत पडू लागले. दहा, वीस, पन्नास. मागची माणसं खुर्च्यांवर चढली. बाबांनी डोळे मिटले आणि हलक्या आवाजात विचारलं, "शैला कोण?"

दिगंबरराव सगळ्यांसमोर रडू लागले.

"ती आलीय काका, या जिवात," बाबा म्हणाले. "म्हणून तर चौघांत हे एकटं जगलं."

मग त्यांनी राखाडी विभूतीची पुडी दिली. तीन दिवस पिल्लाच्या अंगाला चोळायची, पिसवा आपोआप झडतील. अंघोळ नाही, औषध नाही, डॉक्टर तर नाहीच, नाहीतर शैलाताईंना त्रास होईल. ही शेवटची अट फार हुशारीची होती. पिल्लासाठी दिगंबररावांनी कदाचित शंका काढली असती, शैलाताईंसाठी ती त्यांच्याच्याने काढवेना.

ते दोन दिवस त्यांच्या आयुष्यात पुष्कळ दिवसांनी आलेले सुखाचे दिवस होते, खोटं कशाला सांगा. त्यांनी छटाकला मांडीवर घेऊन चौदा महिन्यांचं सगळं सांगितलं. गॅलरीतली तुळस वाळली त्याबद्दल माफी मागितली. अनिरुद्धचा फोन हल्ली महिन्यातून एकदा येतो, तेही कळवलं. शैलाताईंना कुत्र्यांची एवढी भीती वाटे की गल्लीत कुत्रं दिसलं तर त्या रस्ता बदलत, हे त्यांना चांगलं आठवत होतं. पण ज्याला विश्वास ठेवायचाच असतो तो पुराव्याला दाराबाहेर उभं करतो. त्यात दुसऱ्या दिवशी पिसवा खरोखरच पटापट मरून पडल्या, मग तर बोलायलाच नको.

तिसऱ्या दिवशी दुपारी छटाकच्या तोंडातून लाळ गळू लागली आणि त्याचे पाय थरथरायला लागले. दिगंबररावांनी डॉक्टरकडे जायला पायात चपला घातल्या आणि शैलाताईंना त्रास होईल म्हणून परत काढल्या. असा एक तास गेला, मग ते पिल्लू मफलरमध्ये गुंडाळून निघाले. त्या तासाबद्दल त्यांनी स्वतःला पुढे कधीही माफ केलं नाही.

वारज्यातल्या डॉक्टर अक्षता वाघमारे यांनी मफलर उलगडला, विभूतीचा वास घेतला आणि हे कधीपासून चोळताय एवढंच विचारलं. त्यांनी पिल्लाला कोमट पाणी आणि साध्या सौम्य साबणाने धुतलं, इंजेक्शन दिलं, कोरडं करून उबेत ठेवलं. तासाभराने थरथर कमी झाली तेव्हा त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "वजन किती आहे याचं?"

जन्मभर दुसऱ्यांचे काटे तपासणाऱ्या माणसाने आपलं पिल्लू एकदाही काट्यावर ठेवलं नव्हतं. डॉक्टरांनी ठेवलं. सातशे ऐंशी ग्रॅम भरलं.

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. विभूतीत राख होती, पण तिच्यात गोठ्यातल्या गोचिडांवर मारायची पावडर मिसळलेली होती. तो वास त्यांच्या ओळखीचा होता. "म्हशीला चालतं ते पाऊण किलोच्या जिवाला चालत नाही, काका. पिसवा मेल्या खऱ्या, पण पिल्लू अंग चाटतं, ते विष त्याच्याही पोटात जातं. अजून एक दिवस थांबला असतात तर हेही गेलं असतं." जंत आईच्या पोटातून आणि दुधातून येतात, बहुतेक पिल्लांना असतात, त्यात बाधा वगैरे काही नाही. औषध वजनावर मोजून द्यायचं, ते साधं पातळ औषध असतं. पंधरा दिवसांनी पुन्हा, आणि दर वेळी नव्याने वजन करून, कारण पिल्लू वाढतं. मोठ्या कुत्र्याची गोळी अंदाजाने तोडून कधीही द्यायची नाही. एवढ्या लहान वयात पिसवांसाठी बारीक दातांची फणी, फणी बुडवायला साबणाच्या पाण्याची वाटी, आणि अंथरूण रोज गरम पाण्यात. मानेवर टाकायचं औषध पुढे, पाकिटावर लिहिलेलं वय आणि वजन भरल्यावरच. शेवटी त्यांनी छटाकचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. त्या पांढुरक्या होत्या. पिसवा रक्त पितात, हिरड्या अशा फिकट दिसल्या की उशीर करायचा नाही, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाने खरे जंत पडले. उकडलेल्या शेवयांसारखे लांब. दिगंबरराव चष्मा लावून उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. एकाच पोटातले जंत रविवारी तिळाएवढे आणि आज बोटाएवढे कसे? मफलर झटकला तेव्हा घडीतून दोन चपट्या, पिवळसर बिया पडल्या. त्या रुमालात बांधून ते मंडईजवळ झाडपाल्याची औषधं विकणाऱ्या म्हातारीकडे गेले. तिने एका नजरेत सांगितलं, "रिंगणीचं बी हाय. पूर्वी दातातली कीड पाडाया धुरी देत याची."

काटा तपासताना दिगंबररावांची एक रीत होती. वजनं पुढे ठेवायच्या आधी ते रिकामा काटा बघत. पारड्यात काही नसताना काटा झुकत असेल, तर पुढचं काही तपासायची गरजच नसते. म्हातारीकडून त्यांनी मूठभर बी घेतलं, घरी येऊन परात मांडली, पणतीत निखारा ठेवला, बी तुपात कालवलं. छटाक आतल्या खोलीत झोपला होता. परातीवर कुणालाही धरलेलं नव्हतं. बी निखाऱ्यावर टाकताच तडतडलं, फुटलं, आणि पाण्यात पांढरे, वळलेले, तिळाएवढे जंत पडले. दहा, वीस, पन्नास. हे जंत नव्हतेच. प्रत्येक बीच्या पोटात झाडाचा पांढरा कोंब वळून बसलेला असतो, उष्णतेने टरफल फुटलं की तो उडून बाहेर पडतो. शिष्य घंटा कशाला बडवत होता तेही कळलं. बी फुटल्याचा आवाज त्याला झाकायचा होता.

दिगंबरराव स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडले. फसवले गेलो म्हणून नव्हे. परातीत काही नव्हतं, तसं पिल्लातही कुणी नव्हतं, आणि शैलाताई आज दुसऱ्यांदा गेल्या म्हणून. हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं, पण सांगायला कुणी नव्हतं.

रविवारी ते परात पिशवीत घालून हॉलवर गेले. शेजारच्या खुर्चीवर साठीच्या मंदाकिनीबाई होत्या, त्यांच्या भाजीच्या पिशवीत मांजराचं पिल्लू आणि हातात विभूतीची पुडी. बाबांनी मुठीत वनस्पती घेतली तेव्हा दिगंबरराव उठले आणि म्हणाले, एकदा जनावर न धरता करून दाखवा.

बाबा हसले. "रोगीच नाही तर जंत येणार कुठून?"

"तेच बघायचं आहे," दिगंबरराव म्हणाले.

शिष्य त्यांना बाहेर काढायला धावला, पण बघायचं आहे म्हटल्यावर पुण्यात गर्दी कुणाला हलू देत नाही. पहिल्या ओळीतल्या एका इंजिनिअरनेच परात मांडायला मदत केली. निखारा, तूप, बी. घंटा नव्हती, त्यामुळे तडतड शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू आली. रिकाम्या परातीत जंत पडले. दिगंबररावांनी बी हातात घेऊन सगळ्यांना दाखवलं, विभूतीत काय आहे ते सांगितलं, आणि मग जे सांगायला सर्वांत जड होतं तेही सांगितलं.

"माझ्या गेलेल्या बायकोचं नाव बाबांनी ओळखलं असं मला वाटलं. ते दारातल्या फॉर्मवर मीच लिहून दिलं होतं. माझ्याच अक्षरातलं त्यांनी मला वाचून दाखवलं आणि मी रडलो. तुम्हीही लिहून दिलंय. आठवून बघा."

लोक एकमेकांकडे बघू लागले. बाबांना अचानक ध्यानाची वेळ आठवली आणि ते मागच्या दाराने गेले. सगळ्यांचे डोळे उघडले असं मात्र समजू नका. चारपाच जण जाताना टेबलावरची विभूती उचलून घेऊन गेलेच. उरलेली एक पुडी दिगंबररावांनी खिशात टाकली, डॉक्टर अक्षतांमार्फत पोलिसांत करायच्या तक्रारीला जोडायला.

मंदाकिनीबाई जागच्या हलल्या नव्हत्या. हॉल रिकामा झाल्यावर त्या दिगंबररावांकडे न बघता म्हणाल्या, "बाबांनी सांगितलं होतं, हे या मांजरात आहेत म्हणून. मी रोज यांच्याशी बोलते. तुम्ही असं चारचौघांत का केलंत?"

दिगंबररावांना खोटं बोलता आलं असतं. ते त्यांच्याशेजारी बसले. "यजमान नाहीत त्याच्यात. माझीही बायको नव्हती," ते म्हणाले. "पण हे पिल्लू आहे. त्याच्या हिरड्या बघा, पांढऱ्या पडल्यात. विभूती चोळली असेल तर आधी धुवायला हवं. डॉक्टर एक वाजेपर्यंत असतात."

दोघं रिक्षाने निघाले. मंदाकिनीबाई कर्वे रस्ता लागेपर्यंत रडत होत्या, आणि दिगंबररावांनी त्यांना रडू नका असं एकदाही म्हटलं नाही. गेलेल्या माणसासाठी रडावं, त्याच्याशी मनात बोलावंसुद्धा, त्यात अंधश्रद्धा काही नाही. फक्त डोळे पुसून झाले की जे जिवंत आहे ते उचलावं, आणि बुवाकडे नव्हे, डॉक्टरकडे न्यावं.