पिवळीचा एक्सरे

आधीच सांगून ठेवते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझी कवळी माझ्याच घशात अडको, आणि ती काढायला कुणी जवळ नसो. भुवया वर करू नका. ऐका.

एक होती एक्सरेवाली. मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत, दिवसभर लोकांची हाडं बघायची. घरी ती आणि तिचे सासरे, दोघंच. तिचा नवरा, म्हणजे म्हाताऱ्याचा एकुलता एक, जाऊन आठ महिने झाले होते. रडारड म्हणाल तर काही नाही. दोघंही आतून बधिर. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, गाल आपलाच असतो पण चावला गेला तरी कळत नाही, तसं. ती उठायची, डबा भरायची, कामावर जायची, यायची, भांडी घासायची. कामं हात करायचे, ती नुसती हातांच्या सोबतीला असायची.

सासऱ्यांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घातलेला. आता त्यांचा मुक्काम बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीसमोर. मुलाने हौसेने पाळलेले आठ सिक्लिड मासे त्यात होते. दिसायला रंगीत, स्वभावाने एकजात भांडकुदळ. या जातीतल्या माद्या अंडी तोंडात धरतात बरं का! अंडी फुटून पिल्लं पोहायला लागेपर्यंत, तीनेक आठवडे, अन्नाचा कण घेत नाहीत. तर आठातल्या पिवळीने खाणं सोडलं, आणि सासऱ्यांनी जाहीर केलं, "हिच्या तोंडात पिल्लं आहेत."

त्याला झाले चोवीस दिवस.

"बाबा, तीन आठवडे उलटून गेले," ती म्हणाली.

"पहिलटकरीण आहे. चार दिवस इकडेतिकडे व्हायचेच."

"पोट पार आत गेलंय तिचं. पाठ सुरीच्या पात्यासारखी झालीय. आणि शी बघा, पांढरी, दोऱ्यासारखी लोंबतेय."

"तू चोवीस दिवस उपाशी रहा, मग मी तुझी पाठ बघतो."

ती मासे विकणाऱ्या टाकीवाल्याकडे गेली. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मासा आतून वाळत जातो, तो रोग आहे हो हा. आतड्यात जंतू होतात. औषध आहे, पण मासा खायचा थांबला की हातात दिवस थोडे. आणि एकीचं सगळ्यांना लागतं. संशय कशाला ठेवता? तोंड उघडून बघा की!"

हे घरी सांगितलं तर सासरे उठून टाकीपुढे आडवे उभे राहिले. "हात लावायचा नाही! घाबरली की पिल्लं थुंकते नाहीतर गिळते. आणि औषध घातलंस तर ती इवली पिल्लं जगतील होय? चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यात मी. आत माणूस अडकला तर पहिलं काय सांगायचं? बटणं दाबू नका. गप उभे रहा."

म्हणजे बघा कसा पेच. पिल्लं असतील तर औषधाने मरणार. नसतील तर औषधावाचून पिवळी मरणार, आणि मागोमाग बाकीचे सात.

"मी फोटो काढते तिचा," एक्सरेवाली म्हणाली.

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या यंत्राला पिल्लं दिसतील?"

"तीन आठवड्यांची असली तर काटे धरलेले असतील. दिसतील."

"आणि जे दिसेल ते सांगशील?"

याच यंत्रावर तिने नवऱ्याच्या छातीचा फोटो काढला होता. काय ते पहिल्या नजरेत कळलं होतं. घरी मात्र म्हणाली होती, नीट आला नाही, परत काढावा लागेल. नऊ दिवस ती हेच म्हणत राहिली. त्यावर या घरात आजवर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

"सांगीन," ती म्हणाली.

सासऱ्यांनी स्वतः पाण्यात बरणी सरकवली, इतक्या हलक्या हाताने की पिवळीला वाटलं असेल आपणच आत आलो. ती बरणी डब्याच्या पिशवीत, पिशवी मांडीवर, अशी ती कामावर पोचली. जेवणाच्या सुट्टीत दार लावून घेतलं. पिवळीला थोड्या पाण्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत आडवी केली आणि तान्ह्या बाळाच्या बोटाला लावतात तेवढ्याच जोरावर यंत्र लावलं. नाव विचारणाऱ्या चौकटीत लिहिलं, 'बेबी'. वय, दोन. बाहेर पाय मोडलेला एक इसम ताटकळत होता. तो ओरडला, "आत कोण आहे हो?"

"आमच्याच घरातलं आहे."

"लागलंय का फार?"

"तेच बघतेय," म्हणाली, आणि रोजच्या सवयीने माशाला म्हणाली, "श्वास रोखून धरा. हलू नका."

आणि पिवळीने रोखला! कल्ला हलला नाही. माणसं एवढं ऐकत नाहीत.

पडद्यावर पांढरा कणा उमटला, कंगव्यासारखा. मधे हवेच्या पिशवीचा काळा डाग. तोंड रिकामं. एक काटा नाही, एक ठिपका नाही. एक्सरेवालीने बराच वेळ पाहिलं. काही वाटतंय का, म्हणून वाट बघितली. काही वाटलं नाही. मग तिने फोटो छापला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पाय मोडलेल्याला दुसऱ्याच्या हवाली केलं आणि घरी आली.

सासऱ्यांनी फोटो खिडकीच्या काचेवर धरला.

"हे काळं काय?"

"हवेची पिशवी. ती असतेच."

"आणि तोंड?"

"रिकामं आहे, बाबा. पिल्लं नव्हतीच. ती आजारी आहे."

सासरे फोटोच बघत राहिले. मग मान न वळवता म्हणाले, "आणि त्याच्या फोटोत?"

"त्यात पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"मला माहीत होतं. त्या दिवशी तू जेवणात दोनदा मीठ घातलंस."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

बरणीत पिवळी एका कुशीवर कलत होती. सासऱ्यांनी फोटो खाली ठेवला. "तो मोठा टब धुऊन आण. साबण लावू नकोस."

टाकीवाल्याने दिलं ते औषध म्हणजे माणसांच्या जुलाबावरचीच गोळी. ती कुटून, त्याने चिठ्ठीवर लिहिलेल्या मापाने, पिवळीच्या टबात, कारण न खाणाऱ्या माशाला औषध पाण्यातूनच द्यायला लागतं. पाणी थोडं कोमट ठेवलं, वरून टॉवेल टाकून अंधार केला. रोज पाव हिस्सा पाणी बदलायचं. बाकीच्या सातांना तेच औषध लसणाच्या रसात भिजवलेल्या दाण्यांतून. घरभर लसणाचा वास! शेजारीण दारात येऊन नाक वर करून म्हणाली, "पाहुणे आलेत वाटतं?"

"सात जण," सासरे म्हणाले. "आणि एक बाळंतीण होती, ती बाळंतीण नाही निघाली."

शेजारीण अजून विचारात आहे.

तिसऱ्या दिवशी लोंबणारा पांढरा दोरा गेला. चौथ्या, पाचव्या दिवशी दाणे तसेच तळाशी. सहाव्या दिवशी सकाळी पिवळीने एक दाणा तोंडात घेतला आणि थुंकला. परत घेतला, परत थुंकला. दोघं टबाशी उकिडवी बसलेली. तिसऱ्यांदा घेतला तो गिळला. सासऱ्यांनी डोळ्यांना रुमाल लावला, सुनेने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि आठ महिन्यांचं तुंबलेलं सगळं एकदाचं बाहेर आलं. हमसून हमसून रडली दोघं.

बरं, हे रडणं तेवढं मी घातलं. एक्सरे खरा, श्वास रोखला तोही खरा, पण रडलं कुणी नाही. मलाच राहवेना. झालं ते एवढंच. सासरे म्हणाले, "गिळलं." ती म्हणाली, "हो." मग पाणी बदलायची वेळ झाली होती, म्हणून तिने नळीचं एक टोक टबात सोडलं आणि दुसरं त्यांनी बादलीत धरलं.